ऐकू येते, समजत नाही

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता. लिहू की नको असं चाललं होतं, कारण गोष्ट घरातली आहे आणि वाचणाऱ्यांतले अर्धे लोकही घरातलेच! शेवटी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही नं. त्यात लाजासारखं काय हाये?" म्हणून लिहितोय.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोहरादेवी. वाशीम जिल्हा, मानोरा तालुका. जगदंबा देवीचं आणि संत सेवालाल महाराजांच्या समाधीचं गाव. रामनवमीला देशभरातून बंजारा समाजाचे लोक येतात आणि एरवी शांत असलेल्या या गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, ती नंगाऱ्याच्या आकाराची इमारत तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. तर अशा नंगाऱ्याच्या गावात आमच्या बाबांची चक्की होती. पुण्या-मुंबईकडचे पिठाची गिरणी म्हणतात, ती.

१९७४ ते २००५. एकतीस वर्षं. आधी डिझेल इंजिनवर, मग विजेच्या मोटरवर. आठ बाय बाराची पत्र्याची खोली, मध्ये चक्की, एका बाजूला पट्टा फिरतोय, आणि बाबा सुपाशी उभे राहून आसपासच्या तांड्यांवरून, गावातून आलेली ज्वारी आणि गहू ओततायत. यात्रेच्या आधीचे आठ दिवस तर रात्री उशिरापर्यंत दळण चालायचं. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचो. आत शिरलं की बोलायचं नाही, खुणेनंच सांगायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप कळत होतं. संध्याकाळी बाबा घरी आले की केसांवर, भुवयांवर पीठ. आणि आई म्हणायची, "आता घरी आलात, हळू बोला."

ही "हळू बोला"ची सवय म्हणजे पहिली खूण होती. पण हे आता, पन्नाशी ओलांडल्यावर कळतंय.

गेल्या सात-आठ वर्षांत बाबा बदलले. टीव्हीचा आवाज वाढत गेला. मग फोन टाळायला लागले. मी अमरावतीहून फोन केला की "घे, तुह्या मायशी बोल" म्हणून आईकडे देऊन मोकळे. पाहुणे आले की थोडा वेळ बसायचे, मान डोलवायचे, आणि मग गुपचूप उठून ओट्यावर जायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं, चिडचिडे झाले. बहीण म्हणायची, बाबांना पाहिजे तेच ऐकू येतं! आणि हे खोटंही वाटायचं नाही. कारण बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज त्यांना बरोबर यायचा, म्हैस हंबरली तर आमच्या आधी त्यांना कळायचं. मग सून तीनदा जेवायला बोलावते ते कसं ऐकू येत नाही?

एकदा कान दाखवलेही होते. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, थोडा मळ काढला आणि सांगितलं, पडदा छान आहे. झालं! आमच्या घराने निकाल लावून टाकला. कान चांगले आहेत, म्हणजे लक्षच देत नाहीत.

इथेच आमचं चुकलं. आणि मला वाटतं, माझ्या माहितीतल्या निम्म्या घरांत असंच चुकतं. बॅटरी लावून दिसतो तो कान पडद्यापर्यंतचा. खरा कान पडद्यानंतर सुरू होतो.

पडद्यामागे तीन इवलीशी हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. आणि त्यांच्या पलीकडे आतला कान, शरीरातल्या सगळ्यात टणक हाडात खोल बसवलेला. गोगलगायीच्या शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची नळी, उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. त्या नळीत सुमारे पंधरा हजार केसपेशी. आवाजाच्या लाटेने त्यांच्यावरचे सूक्ष्म केस वाकतात आणि त्यातून मेंदूकडे जाणारा संदेश तयार होतो. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच, बारीक आवाजांसाठी आणि टोकाकडच्या खर्जाच्या आवाजांसाठी. कोणता आवाज नळीत कुठे पोचतो हे शोधणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल मिळालं. या पेशी माणसाला जन्मतः मिळतात तेवढ्याच. कोंबडीच्या कानात गेलेल्या पेशी पुन्हा उगवतात, आपल्या उगवत नाहीत. (देवाने कोंबडीवर जरा जास्तच माया केली!)

आता मुद्दा असा, की या जागी डोकावून पाहता येत नाही. सीटी स्कॅनमध्ये शंखाचा आकार दिसतो, पण त्यातल्या पेशी काम करतात की नाही, ते दिसत नाही. ते कळायचा मार्ग एकच. आवाज द्यायचा आणि आतल्या कानाला विचारायचं, "ऐकू आला का?" ऐकण्याच्या सगळ्या तपासण्या म्हणजे हा एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारणं.

बाबा गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे अमरावतीला आले होते. नातवाने जेवताना काहीतरी विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी ओरडून सांगितलं. बाबांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "काऊन बोंबलतं बापा? मले ऐकू येते. समजत नाही थे."

मला ऐकू येतं, समजत नाही! मी अक्षरशः गप्प झालो. दुसऱ्या दिवशी मी एका ऑडिओलॉजिस्ट बाईंची वेळ घेतली. त्यांना हे वाक्य सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "निदान तर तुमच्या बाबांनी केलंच आहे, आता आपण मोजू."

आधी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला नादकाटा. तो वाजवून कपाळाच्या मधोमध ठेवला, आवाज कोणत्या बाजूला वाटतो ते विचारलं. मग कानामागच्या हाडावर आणि नंतर कानासमोर धरला, कुठे जास्त ऐकू येतो? पहिलीला वेबर आणि दुसरीला रिने चाचणी म्हणतात, दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने. दोन मिनिटांचं काम, पण यातून साधारण कळतं की अडचण वाटेत आहे (मळ, पडदा, हाडं) की आतल्या कानात आणि नसेत.

मग ती खोली. बाहेरचा आवाज आत येऊ न देणारी, जाड दाराची, छोट्या काचेची. बाबांच्या कानांवर हेडफोन. सूचना साधी होती: कितीही बारीक आवाज आला तरी हात वर करायचा. मी बाईंच्या मागे उभा. त्या बटण दाबत आणि यंत्रावर एक छोटा दिवा लागे. खर्जाचे आवाज झाले. दिवा लागला, बाबांचा हात वर. दिवा, हात. मग स्वर चढत गेला. दिवा लागला आणि हात मांडीवरच. आवाज वाढवला, पुन्हा दिवा, हात मांडीवरच. बाबा काचेतून माझ्याकडे बघत होते, अगदी मन लावून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. आणि हात काही वर जात नव्हता.

मंडळी, खरं सांगतो, मला तिथे उभं राहवेना. आठ वर्षं ज्याला आम्ही दुर्लक्ष म्हटलं, ते काचेपलीकडे असं बसलं होतं.

यातून जो आलेख निघतो त्याला ऑडिओग्राम म्हणतात. डावीकडून उजवीकडे स्वराची उंची, २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत. वरून खाली आवाजाची पातळी, डेसिबलमध्ये. शून्य म्हणजे शांतता नव्हे बरं का! तरुण, निरोगी कानांना सरासरी जो अगदी बारीक आवाज जेमतेम ऐकू येतो, ते शून्य. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. बाबांची रेघ २५० ला २५ डेसिबलवर, म्हणजे जवळजवळ ठीक. १००० ला ३५, २००० ला ५०. आणि ४००० ला एकदम ७५, खड्ड्यात पडल्यासारखी! ८००० ला किंचित वर, ७०. मग हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक कंपन देणारी डबी लावली. ती पडदा आणि मधली हाडं वगळून सरळ आतल्या कानाला आवाज पोचवते. रेघ तीच. हेडफोनची आणि हाडाची रेघ वेगवेगळी आली असती तर दोष मधल्या वाटेत. दोन्ही एकत्र खाली गेल्या, म्हणजे आतला कान.

बाईंनी ४००० च्या त्या खड्ड्यावर पेन ठेवून विचारलं, "यांनी कुठे मशीनवर काम केलंय का?"

एकतीस वर्षांची चक्की त्या कागदावर उतरली होती. सततच्या मोठ्या आवाजाने आतल्या कानाला इजा होते तेव्हा तो खड्डा बहुधा ३००० ते ६००० च्या दरम्यान पडतो. वयाने उंच स्वर आणखी उतरतात, ते वेगळं.

आणि आता त्या "समजत नाही"चा उलगडा. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. स, श, फ, त, ठ, क ही व्यंजनं उंच पट्टीत आणि नाजूक. बाबांना शब्दाचा आ ऐकू येतो, पण त्याच्या पुढे-मागे काय आहे ते हरवतं. साठ की आठ? सहा की दहा? हात, खाट की घाट? शब्दांची चाचणी झाली तेव्हा पंचवीसपैकी सतरा बरोबर आले. वाक्यातला दर तिसरा शब्द गाळून कुणी आपल्याशी दिवसभर बोललं, तर आपणही ओट्यावरच जाऊन बसू. म्हैस आणि मोटरसायकल खर्जात बोलतात. सून आणि नातवंडं नाही. "पाहिजे तेच ऐकू येतं"चा अर्थ एवढाच होता.

आणखी एक. ओरडल्यावर ते का चिडायचे? त्या पंधरा हजारांपैकी मोठा हिस्सा बाहेरच्या ओळीतल्या पेशींचा. बारीक आवाज वाढवून देणं, मोठे आवाज सांभाळून घेणं हे त्यांचं काम, आणि मोठ्या आवाजाचा फटका बहुधा त्यांना आधी बसतो. त्या गेल्या की बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा एकदम अंगावर येतो. मधली जागा आकसते. आम्ही ओरडून त्यांना मदत करत नव्हतो, त्रास देत होतो.

आता माझं मत, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. चाळिशीला डोळ्याचा नंबर काढतो तितक्या सहजपणे पन्नाशीला कानाची तपासणी झाली पाहिजे. चष्मा लागला म्हणून कुणी लपवत नाही, उलट फ्रेम दाखवतो. आमच्या भागात डोळ्यांची शिबिरं मी लहानपणापासून पाहतोय, मोतीबिंदूला गाडीत घालून नेतात, आणून सोडतात. कानाचं शिबिर मी माझ्या आयुष्यात गावात पाहिलेलं नाही. कारण कान गेलेला माणूस अपघात करत नाही, भिंतीला धडकत नाही. तो फक्त गप्प होतो, आणि गप्प म्हातारा घराला सोयीचा असतो. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण आहे ते आहे.

यावर नेहमीचा प्रश्न: तपासून उपयोग काय, बरं तर होणार नाही ना? केसपेशी परत येणार नाहीत, हे खरं. पण कुठे आणि किती बिघडलंय ते कळल्याशिवाय यंत्रही नीट बसत नाही. श्रवणयंत्र म्हणजे सरसकट आवाज मोठा करणारी डबी नव्हे. ज्या पट्टीत रेघ खाली, तिथेच आवाज वाढवायचा असतो. तपासणीशिवाय दुकानातून आणलेली डबी म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा. गावात अशा डब्या किती कपाटांत पडल्या आहेत! मग म्हणतात, मशीनचा काही फायदा नाही. शिवाय २०१७ पासून लॅन्सेटच्या तज्ज्ञगटाने मध्यम वयातली, उपचार न केलेली ऐकण्याची घट ही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांत धरली आहे. म्हणजे प्रश्न फक्त टीव्हीच्या आवाजाचा नाही.

खर्चाचं मात्र कुणी हसण्यावारी नेऊ नये. चांगलं यंत्र महाग आहे, आम्हालाही हप्ते पडले. कायद्याची रेघही गमतीशीर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची घट ६० डेसिबल झाल्यावर "ऐकण्यास अडचण" धरतात. बाबांची सरासरी येते ४६. म्हणजे सरकारच्या हिशेबात ते ठीक आहेत, फक्त घरातल्या गप्पांतून बाहेर आहेत. गरीब ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तीत श्रवणयंत्र मिळू शकतं. पण त्यासाठीही आधी कुणीतरी कान तपासायला हवा!

म्हाताऱ्यांचं झालं. दुसरं टोक याहून महत्त्वाचं आहे.

दुसरीत आमच्या वर्गात एक मुलगा होता, १९८१-८२ ची गोष्ट. सगळे त्याला मुका म्हणत. गुरुजी काही विचारत, तो हसे, आणि छडी खाई. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही, बकऱ्यांमागे दिसायला लागला. तो मुका नव्हताच, असं आज मला जवळजवळ खात्रीने वाटतं. जो शब्द ऐकलाच नाही तो बोलणार कसा? कुणी त्याच्या कानाला कधी विचारलं नाही.

आणि लहान बाळाला विचारायची सोय तोवर सापडलीही होती. १९७८ साली लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवलं की निरोगी आतला कान आवाज घेतो तसा स्वतः एक अगदी क्षीण आवाज परतही पाठवतो. कानात छोटी तपासणी-कळ घालून टिकटिक आवाज द्यायचा आणि आतून उत्तर येतं का ते मोजायचं. बाळ झोपलेलं असलं तरी चालतं, उलट बरंच! याला ओएई म्हणतात. उत्तर आलं तर बाहेरच्या केसपेशी कामाला आहेत. पुढे नसेपर्यंत तपासायचं तर बेरा चाचणी असते, कपाळावर आणि कानामागे चकत्या चिकटवून मेंदूकडे जाणाऱ्या लहरी टिपायच्या.

आमच्या भाचीची मुलगी नागपूरला झाली तेव्हा दुसऱ्या दिवशीच ही चाचणी झाली आणि उजव्या कानाला "रेफर" आलं. घरात रडारड! तेव्हा सगळ्यांना सांगावं लागलं की रेफर म्हणजे बहिरी नव्हे, रेफर म्हणजे पुन्हा तपासा. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत कानात द्रव राहिला तरी उत्तर येत नाही. पंधरा दिवसांनी दोन्ही कान व्यवस्थित आले. पण समजा आले नसते, तरी वेळ हातात होती. महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार, असा जगभरचा दंडक आहे. भाषा शिकायची मेंदूची वेळ तेव्हाच असते. देशात बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ साली सुरू झाला, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाही आहे. म्हणजे कागदावर वाट आहे. आपण बाळंतपणाच्या दवाखान्यात एवढंच विचारायचं, "कानाची तपासणी झाली का?" टाक्यांचं विचारतो, लसीचं विचारतो, तसंच.

जाता जाता डीजेचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला ४० तास ८० डेसिबल चालतात, ९० असतील तर साधारण चारच तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. लग्नाच्या वरातीत भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरसमोर पोरं रात्रभर नाचतात, तेव्हा मला बाबांचा तो हात आठवतो, मांडीवरचा. बाबांना पर्याय नव्हता, पोट चक्कीवर होतं. कापसाचा बोळा घालावा हेही कुणी सांगितलं नाही, आणि त्याने फारसं काही झालंही नसतं. आज नीट बसणारे इअरप्लग किरकोळ किमतीत मिळतात. नंगारा वाजवणाऱ्यांनीही वापरावेत, त्यात नंगाऱ्याचा अपमान नाही.

असो. लांबलं.

बाबांच्या दोन्ही कानांना यंत्रं लागून आता पाच महिने झाले. पहिले पंधरा दिवस "डोक्यात भांडे वाजते" म्हणून काढून ठेवायचे. दोनदा परत जाऊन आवाज जुळवून घेतला. चमत्कार झालेला नाही. गर्दीत अजूनही अडखळतात. पण गेल्या रविवारी फोन आईकडे दिला नाही. अकरा मिनिटं बोलले, त्यातली सात मिनिटं तुरीच्या भावावर.

शेवटी नात्यातल्या मंडळींना विनंती. येत्या रामनवमीला घरी येणार असाल तर बाबांशी समोर बसून बोला, तोंडावर उजेड राहू द्या, टीव्ही बंद करा. हळू आणि स्पष्ट बोला, ओरडू नका. समजलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणू नका, शब्द बदलून सांगा. एका वेळी एकानेच बोला (हे आपल्या घरात अवघड आहे, माहीत आहे!). आणि "जाऊ द्या, काही नाही" असं म्हणू नका. ते त्यांना बरोबर ऐकू येतं.

ता. क. : स्वतःची तपासणीही केली. माझ्या डाव्या कानाची रेघ ४००० ला ३० वर आहे. लहानपणी डबा घेऊन जायचो ना.